घरगुती वस्तूंचा रेडिओ: एका अवशेषहीन यंत्राचा इतिहास

१

यंत्रांचा इतिहास हा बहुधा शिल्लक राहिलेल्या यंत्रांचा इतिहास असतो. वाफेचे इंजिन, छापखाना, तारायंत्र ह्यांचे जुने नमुने संग्रहालयांत सुरक्षित आहेत. त्यांच्या कारखान्यांचे हिशेब उपलब्ध आहेत. आणि त्यांच्या आधारे त्यांचा विकासक्रम बऱ्याच निश्चितपणे सांगता येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असंख्य हातांनी घडविलेल्या एका यंत्राच्या बाबतीत मात्र हा मार्ग बव्हंशी बंद आहे. दाढीचे पाते, शिसपेन्सिलीचा तुकडा, सेफ्टी पिन, पुठ्ठ्याची डबी आणि थोडी तांब्याची तार ह्यांतून सिद्ध झालेला रेडिओ-ग्राहक उलगडला, म्हणजे मागे उरतात त्या ह्याच वस्तू. पाते पुन्हा पाते होते, डबी पुन्हा डबी होते. यंत्र म्हणून त्याचा अवशेष राहत नाही.

ह्या अवशेषहीनतेचा परिणाम असा झाला की, ह्या यंत्राची गणना एकतर मुलांच्या खेळात झाली किंवा युद्धकथांतील चमत्कारात. मराठीत अशा उद्योगासाठी जे शब्द रूढ आहेत, तेही ह्याच समजुतीचे द्योतक आहेत. ‘खटपट’ आणि ‘जुळवाजुळव’ हे शब्द करणाऱ्याच्या चिकाटीवर भर देतात. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शालेय वाक्प्रचार काटकसरीवर. आणि हिंदीतून अलीकडे आलेला ‘जुगाड’ हा शब्द युक्तीवर. चिकाटी, काटकसर व युक्ती ह्या तिन्ही गोष्टी येथे आहेत, परंतु यंत्राचे मर्म त्यांपैकी एकीतही नाही. घरगुती रेडिओ शक्य झाला तो वस्तूंमुळे नव्हे, तर वस्तूंमधील एका विशिष्ट संबंधाचे ज्ञान शब्दांत व आकृतीत मांडले जाऊन सर्वत्र पोहोचले म्हणून. वस्तू जप्त करता येते. हा संबंध जप्त करता येत नाही. ह्या यंत्राचे राजकीय महत्त्व ह्याच भेदातून उद्भवले.

२

प्रथम ह्या यंत्राचे कार्य पाहणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व इतिहास त्यावर अवलंबून आहे. प्रक्षेपण केंद्रातून निघालेली विद्युत्-चुंबकीय लहर एरियलच्या तारेत उलटसुलट वाहणारा प्रवाह उत्पन्न करते. मध्यम लहरींच्या बाबतीत ह्या प्रवाहाची आवर्तने एका सेकंदात सुमारे दहा लाख होतात. टेलिफोनच्या श्रवणिकेतील पातळ पडदा इतक्या त्वरेने हलू शकत नाही. एका दिशेचा धक्का दुसऱ्या दिशेच्या धक्क्याने बाद होतो आणि कानाला काहीच ऐकू येत नाही. मात्र प्रवाहाला एका दिशेने सुलभतेने व उलट दिशेने कष्टाने जाऊ देणारा एखादा सांधा ह्या मार्गावर बसविला, तर बाद होण्याची क्रिया थांबते. जो प्रवाह उरतो तो वक्त्याच्या आवाजातील चढउतारांप्रमाणे कमीअधिक होतो, आणि तेवढ्या चढउतारांना पडदा साथ देऊ शकतो. ह्या सांध्याला ‘शोधक’ म्हणतात. एरियल व जमिनीशी जोड, हवे ते केंद्र निवडणारे तारेचे वेटोळे, शोधक आणि श्रवणिका एवढ्या चार गोष्टी जमल्या की ग्राहक सिद्ध होतो. त्याला बॅटरी लागत नाही; ऐकू येणाऱ्या आवाजाची सर्व शक्ती लहरीतूनच येते. ह्यामुळे त्याचे केंद्र समर्थ आणि फार दूर नसलेले असावे लागते. उलटपक्षी, असा ग्राहक स्वतः कोणतीही लहर बाहेर टाकीत नाही, ही त्याची दुसरी बाजू. ही दोन लक्षणे पुढे निर्णायक ठरली.

सैल सांध्याच्या अभ्यासाचा आरंभच मुळी घरगुती वस्तूंनी झाला. डेव्हिड एडवर्ड ह्यूज ह्यांनी १८७८ साली लंडनमध्ये जो मायक्रोफोन दाखविला, त्याचे एक रूप केवळ तीन खिळ्यांचे होते: दोन खिळे समांतर ठेवून विद्युन्मंडलात जोडलेले, आणि तिसरा त्यांच्यावर आडवा, सैल ठेवलेला. आवाजाने हा सांधा किंचित हलला की प्रवाह बदले. पुढच्याच वर्षी ह्यूज ह्यांना असे आढळले की, दूरवर ठिणगी पाडली असता तिचा परिणाम अशाच सैल सांध्याला जोडलेल्या श्रवणिकेत ऐकू येतो. श्रवणिका कानाला लावून ते ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवरून चालत गेले आणि काही शे यार्डांपर्यंत त्यांना तो आवाज ऐकू आला. फेब्रुवारी १८८० मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रमुखांनी हे प्रयोग पाहिले. परंतु स्टोक्स ह्यांनी हा परिणाम ज्ञात विद्युत्-प्रवर्तनाचाच असल्याचे मत दिले आणि निरुत्साहित झालेल्या ह्यूज ह्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले नाहीत. ते प्रकाशात आले १८९९ साली, म्हणजे हर्ट्झच्या प्रयोगांना दहा वर्षे उलटून गेल्यावर. ह्यूज ह्यांच्यापाशी खिळे होते, सांधा होता आणि कानाचा पुरावाही होता. जे चालले आहे त्याला नाव देणारी मान्य परिभाषा मात्र नव्हती. साहित्य उपलब्ध असणे आणि यंत्र उपलब्ध असणे ह्यांतील अंतर ह्या प्रसंगाने स्पष्ट होते.

एकदिशा सांध्याचा शोध त्यापूर्वीच लागला होता. फर्डिनांड ब्राउन ह्यांनी १८७४ साली धातूच्या टोकाचा काही सल्फाइड खनिजांशी स्पर्श झाला असता प्रवाह एका दिशेने अधिक सुलभ वाहतो, असे नमूद केले होते. ह्या गुणाचा लहरी ओळखण्यासाठी उपयोग करण्याचे श्रेय जगदीशचंद्र बसू ह्यांच्याकडे जाते. शिशाचे सल्फाइड असलेल्या गॅलीना ह्या खनिजाचा समावेश असलेल्या त्यांच्या शोधकासाठी १९०१ साली अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी त्याला अमेरिकेचे ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात बसू ह्यांनी केलेल्या प्रयोगांचे साहित्यही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. लहरींचे ध्रुवण करण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे पुस्तक वापरले. त्याच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातला होता. लहरींच्या ध्रुवणाची पातळी फिरविण्यासाठी त्यांनी पिळलेल्या तागाच्या जुड्या वापरल्या आणि त्यासंबंधीचा निबंध १८९८ साली रॉयल सोसायटीपुढे ठेवला. पुस्तकाची पाने समांतर असतात आणि पिळलेला ताग मळसूत्री असतो. वस्तू कशासाठी केलेली आहे हे न पाहता तिची रचना कोणती आहे हे पाहण्याची ही दृष्टी होय. घरगुती रेडिओच्या मुळाशी हीच दृष्टी आहे.

३

प्रयोगशाळेतील हे ज्ञान घराघरांत गेले ते १९२० नंतर. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने नियमित प्रक्षेपणास आरंभ केला आणि दोन वर्षांच्या आत अमेरिकेत ग्राहक यंत्रांची मागणी पुरवठ्याच्या पलीकडे गेली. एप्रिल १९२२ मध्ये तेथील ‘ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स’ ह्या सरकारी संस्थेने १२० क्रमांकाचे परिपत्रक काढले. घरी बांधता येणाऱ्या साध्या रेडिओ-ग्राहकाची रचना व वापर हा त्याचा विषय असून, मुलामुलींच्या रेडिओ मंडळांना उपयोगी पडावे हा त्याचा उद्देश होता. वजनमापांची प्रमाणे ठरविणाऱ्या संस्थेने गोल पुठ्ठ्याच्या डबीवर तार कशी गुंडाळावी हे सांगावे, ही त्या काळातील एक लक्षणीय घटना मानली पाहिजे.

भाषेच्या दृष्टीने पाहता अशा मार्गदर्शक लेखनाची एक विशेष घडण दिसते. त्यात प्रत्येक वस्तू दोनदा येते. साहित्याच्या यादीत ती आपल्या घरगुती नावाने येते: मिठाची गोल डबी, लाकडाची फळी, इतकी तार. पुढील परिच्छेदात तीच वस्तू कार्यावरून पडलेल्या नावाने येते: निवडक, आधार, वेटोळे. पहिल्या नावात वस्तूचा उगम असतो, दुसऱ्यात तिचे स्थान. वाचक एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे जातो, आणि हा प्रवास पूर्ण झाला म्हणजे यंत्र बांधून झालेले असते. शिवाय स्थान एकदा नीट सांगितले, की वस्तू बदलता येते. मिठाची डबी नसेल तर ओटच्या पिठाची डबी चालते. तीही नसेल तर लाकडाचा गोल दांडका चालतो. गॅलीनाचा खडा विकत मिळत नसेल, तर शिसे व गंधक एकत्र तापवून तो घरी करता येतो. गॅलीनावर टेकविण्याच्या बारीक तारेला इंग्रजीत ‘मांजराची मिशी’ असे नाव पडले, ते तिच्या रूपावरून. ती कशाची असावी ह्याविषयी हे नाव मौन बाळगते, आणि हे मौनच उपयोगाचे ठरले. केवळ एक भाग ह्या अदलाबदलीला दाद देत नव्हता. चुंबक, अतिशय बारीक तारेचे असंख्य फेरे आणि लोखंडी पडदा ह्यांनी बनलेली श्रवणिका घरी करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. तिच्यासाठी बाजारावर, किंवा पुढे दिसेल त्याप्रमाणे दुसऱ्याच्या टेलिफोनवर, अवलंबून राहावे लागे.

घरी बांधलेले यंत्र कायद्याच्या चौकटीत कोठे बसवावे, हा प्रश्न ब्रिटनमध्ये लगेच उभा राहिला. तेथे १९०४ च्या कायद्यान्वये बिनतारी यंत्रासाठी परवाना आवश्यक होता. १९२२ च्या अखेरीस ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा श्रोत्याने दहा शिलिंगांचा परवाना घ्यावा आणि कंपनीची मुद्रा असलेले मान्य यंत्रच वापरावे, अशी व्यवस्था होती. यंत्र उत्पादकांच्या मदतीनेच ही कंपनी उभी राहिली असल्यामुळे त्यांच्या विक्रीस संरक्षण देणे हा ह्या व्यवस्थेचा हेतू होता. परंतु स्वतःच्या टेबलावर तार गुंडाळणाऱ्याच्या यंत्रावर मुद्रा कोठून येणार? अशा अनेकांनी ‘प्रयोगकर्ता’ म्हणून परवान्याची मागणी केली, अर्ज तुंबले, आणि पुष्कळांनी परवान्याशिवायच ऐकण्यास आरंभ केला. १९२३ साली सायक्स समितीने ह्या प्रश्नाचा विचार केला आणि यंत्र बांधणाऱ्यांसाठी स्वतंत्र परवाना निर्माण झाला. वरवर पाहता हा महसुलाचा वाद होता. वस्तुतः तो व्याख्येचा होता. कायद्याला यंत्र ही एक वस्तू वाटत होती, आणि येथे तर यंत्र ही वस्तूंची तात्पुरती मांडणी होती.

हिंदुस्थानात ह्या यंत्राचे क्षेत्र मर्यादित राहिले, आणि ह्याचे कारण त्याच्या कार्यपद्धतीतच आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॅट शक्तीचा होता. लहरीच्याच शक्तीवर चालणारा स्फटिक-ग्राहक अशा केंद्राच्या परिसरातच उपयोगी पडणार हे उघड आहे. ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने ते केंद्र मुकेच होते.

४

दुसऱ्या महायुद्धात ऐकणे हाच काही ठिकाणी अपराध ठरला. १ सप्टेंबर १९३९ च्या आदेशान्वये जर्मनीत परदेशी प्रक्षेपण ऐकण्यास बंदी झाली आणि त्यातील वृत्त पसरविण्याबद्दल देहदंडापर्यंतची तरतूद झाली. व्याप्त प्रदेशांत ह्यापुढचे पाऊल म्हणजे ग्राहक यंत्रांची जप्ती. नेदरलंड्समध्ये ती मे १९४३ मध्ये जाहीर झाली. इंग्लिश खाडीतील जर्सी व ग्वेर्नसी ह्या ब्रिटिश बेटांवर जून १९४२ मध्ये.

ह्या बेटांचे उदाहरण विशेष बोलके आहे. जप्तीचा हुकूम बाजारात घेतलेल्या, ओळखू येणाऱ्या यंत्रांवर लागू करता आला. तार, डबी व खनिजाचा खडा ह्यांवर नव्हे. बेटांवर स्फटिक-ग्राहक घरोघरी बांधले जाऊ लागले. जो एक भाग घरी करता येत नव्हता, तो सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यांतून मिळविण्यात आला. टेलिफोन मुके झाले आणि घरे ऐकू लागली. १९४४ च्या हिवाळ्यात इंधनाच्या अभावी वीज बंद पडत गेली. तेव्हा लपवून ठेवलेले व्हॉल्व्हचे चांगले रेडिओ निरुपयोगी झाले, पण ज्यांना वीज लागतच नव्हती ते स्फटिक-ग्राहक चालू राहिले.

ह्या ऐकण्याची किंमत मोठी होती. ग्वेर्नसीवर लपवून ठेवलेल्या रेडिओंवरून लंडनच्या बातम्या टिपून त्यांची गुप्त पत्रिका १९४२ पासून काढली जात होती. १९४४ च्या आरंभी तिच्या चालकांना अटक झाली. त्यांपैकी चार्ल्स मेकन ह्यांचा त्याच वर्षी जर्मनीतील हामेलन येथे बंदिवासात अंत झाला. जर्सीवरील धर्मोपदेशक क्लिफर्ड कोहू हे बातम्या उघडपणे लोकांना सांगत. मार्च १९४४ मध्ये ते पकडले गेले आणि सप्टेंबरमध्ये त्शोशेन येथील छावणीत मरण पावले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यंत्र लपविता आले, पण त्यातून आलेला शब्द लपवून उपयोग नव्हता. तो दुसऱ्याला सांगितला तरच ऐकण्याला अर्थ होता. पकडले गेले ते बहुधा ह्या दुसऱ्या टप्प्यावर.

त्याच वर्षी इटलीत ह्या यंत्राने आपले सर्वांत दरिद्री रूप घेतले. २२ जानेवारी १९४४ रोजी आंझिओच्या किनाऱ्यावर उतरलेले दोस्त सैन्य सुमारे चार महिने तेथेच अडकून पडले. व्हॉल्व्हचे काही ग्राहक स्वतःही क्षीण लहरी बाहेर टाकतात आणि त्यांवरून शत्रूला माग काढता येण्याचा धोका असतो. स्फटिक-ग्राहकात तो नाही. परंतु खंदकात गॅलीना कोठून आणावे? सैनिकांनी दाढीचे निळसर झालेले पाते घेतले, सेफ्टी पिनेच्या टोकाला शिसपेन्सिलीचा तुकडा बांधला आणि त्याचे टोक पात्याच्या पृष्ठावर हलके टेकविले. पोलादावरील ऑक्साइडचा थर आणि पेन्सिलीचा स्पर्श ह्यांतून एकदिशा सांधा तयार झाला. शब्दव्युत्पत्तीच्या दृष्टीने ह्यात एक गंमत आहे. गॅलीनात खरे शिसे असते. शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते, ग्राफाइट असते, आणि तिचे नाव एका जुन्या गैरसमजाचा अवशेष आहे. नावापुरते शिसे खऱ्या शिशाच्या खनिजावाचून चालवून घेण्यास उपयोगी पडले. नाव चुकीचे असले तरी स्थान बरोबर होते, आणि यंत्राला एवढेच पुरे होते.

ह्याच्याही पुढची अवस्था बोर्निओतील संडाकन येथील जपानी युद्धबंद्यांच्या छावणीत दिसते. तेथील ऑस्ट्रेलियन अधिकारी आर. जी. वेल्स ह्यांनी युद्धानंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, रोधक म्हणून वापरलेला भाग म्हणजे जाळलेल्या दालचिनीच्या सालीची पूड मुरविलेला दोरा होता. दोऱ्याची लांबी कमीअधिक केली की रोध कमीअधिक होई. जुलै १९४३ मध्ये हा गट पकडला गेला. कॅप्टन लायोनेल मॅथ्यूज ह्यांना २ मार्च १९४४ रोजी देहदंड झाला. वेल्स ह्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली व ते वाचले. दालचिनीचा दोरा करणाऱ्याला ओहमचा नियम ठाऊक होता, ही गोष्ट दालचिनीइतकीच महत्त्वाची आहे.

५

घरगुती यंत्राची ही शक्ती ग्रहणापुरती होती. तिची मर्यादा मुंबईतील एका प्रसंगावरून स्पष्ट होते. ९ ऑगस्ट १९४२ च्या अटकसत्रानंतर उषा मेहता व त्यांचे सहकारी ह्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर त्याचे पहिले प्रक्षेपण झाले. युद्धारंभी हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले होते. त्यामुळे सुट्या भागांतून प्रक्षेपक जुळविणे हे ज्याच्या हाती पूर्वीचे ज्ञान होते त्यालाच शक्य होते. येथवर ही कथा मागील कथांसारखीच आहे. परंतु प्रक्षेपकाला वीज लागते, व्हॉल्व्ह लागतात, उंच एरियल लागते, आणि मुख्य म्हणजे तो जितका यशस्वी तितका तो आपले ठिकाण जगाला सांगत असतो. पोलिसांच्या शोधक गाड्या मागावर होत्या आणि केंद्राला वारंवार जागा बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते पकडले गेले. उषा मेहता ह्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. खंदकातील सैनिक मुका राहून सुरक्षित होता. ज्यांना बोलावयाचे होते त्यांना वस्तूंच्या सामान्यपणाचा आडोसा मिळू शकला नाही.

६

क्लोद लेव्ही-स्त्रोस ह्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन प्रकारचे कर्ते कल्पिले आहेत: एक, योजनेप्रमाणे साहित्य मिळविणारा अभियंता, दुसरा, हाताशी असलेल्या उरल्यासुरल्या वस्तूंतून काम भागविणारा कारागीर. हा भेद उपयुक्त आहे, पण वर पाहिलेल्या कर्त्यांना तो पुरेसा लागू पडत नाही. त्यांचे साहित्य कारागिराचे होते आणि योजना अभियंत्याची. वस्तू हाताशी होत्या म्हणून यंत्र सुचले असे झाले नाही. यंत्राची आकृती मनात होती म्हणून वस्तूंमध्ये त्याचे भाग दिसले. खिळे हाताशी असलेल्या ह्यूज ह्यांच्यामागे मान्य सिद्धान्त नव्हता, म्हणून त्यांचा शोध वीस वर्षे अंधारात राहिला. आंझिओच्या खंदकात हाताशी जवळपास काही नव्हते, पण बावीस वर्षांपूर्वीच्या परिपत्रकासारख्या लेखनाने पसरविलेली आकृती मनात होती, आणि यंत्र काही वेळात उभे राहिले.

ह्यावरून इतिहासकाराच्या साधनांविषयीही एक निष्कर्ष निघतो. ज्या यंत्राचा अवशेष राहत नाही, त्याचा इतिहास वस्तुसंग्रहालयात शोधण्यापेक्षा सूचनापुस्तिका, हौशी मासिके, परवान्यांचे नियम, जप्तीचे हुकूम आणि न्यायालयीन कागद ह्यांत शोधावा लागतो. हे सर्व साधन भाषेचे आहे. किंबहुना ते यंत्रच अर्धे भाषेचे होते: त्याचा एक भाग टेबलावर मांडलेला असे आणि दुसरा वाचून लक्षात ठेवलेला. बेटांवरील शिपाई टेबल उलथे करीत तेव्हा त्यांना पहिला भाग सापडे, आणि तो म्हणजे तार, डबी व एक खडा. दुसरा भाग घरातल्या माणसाबरोबरच राही. आणि तो त्याच्याकडून काढून घेण्याचा एकच उपाय त्या सत्तेपाशी होता. मेकन आणि कोहू ह्यांच्या बाबतीत तिने तो केला. तोवर बातमी दुसऱ्यांच्या कानांवर गेलेली होती.